इंग्रजी शब्दांची चीड : तीनशे वर्षांचा हिशेब



मराठीच्या व्यासपीठावर इंग्रजी शब्दांबद्दल बोलायला उभा राहिलो आहे, तेव्हा आधी त्याचे कारण सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, त्यामुळे जुनी मुले मला लिहितात ती बहुधा इंग्रजीतच. वडील गेल्याचे तिने पहिल्याच ओळीत कळवले होते आणि त्यासाठी ‘एक्स्पायर्ड’ हा शब्द वापरला होता. तो वाचताच माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : औषधाची मुदत संपते, रेल्वेचा पास संपतो, माणसाबद्दल असे म्हणतात का? या शब्दावर मी वर्गात किती वेळा बोललो होतो! त्यानंतर, म्हणजे खरोखरच त्यानंतर, मला तिचे वडील आठवले. मुलीची फी भरायला स्वतः येणारे, सायकल जिन्याखाली लावून दाराशी उभे राहणारे गृहस्थ.

आधी चूक दिसली आणि मग मृत्यू दिसला, याची मला लाज वाटली. ही चीड माझ्यात आली कुठून, याचा शोध घ्यावा असे वाटले. इंग्रजांना स्वतःला आपल्या भाषेतल्या कोणत्या शब्दांची चीड येत असे, केव्हापासून येत असे आणि पुढे त्या शब्दांचे काय झाले, हे मी वाचत गेलो. आज त्याचाच हिशेब तुमच्यापुढे मांडणार आहे. शेवटी तो आपल्या घरापर्यंत येतो.

सुरुवात करू जोनाथन स्विफ्टपासून. ‘गलिव्हर’चा कर्ता म्हणून आपण त्याला ओळखतो. पण गलिव्हर प्रसिद्ध झाला १७२६ साली. त्याच्या बरेच आधी, १७१० मध्ये, स्विफ्टने ‘टॅटलर’ या नियतकालिकात इंग्रजीच्या अवनतीबद्दल एक पत्र छापले. लोक लांब शब्दांची डोकी तेवढी ठेवतात आणि धडे उडवतात, ही त्याची मोठी तक्रार. त्याला सर्वांत जास्त खटके तो शब्द ‘मॉब’. मूळ लॅटिन शब्दप्रयोग ‘मोबिले व्हल्गस’, म्हणजे चंचल जनसमूह. त्याचे आधी ‘मोबिले’ झाले आणि मग नुसते ‘मॉब’. या ‘मॉब’ला आणि ‘बँटर’ या दुसऱ्या शब्दाला आवर घालायचा आपण वर्षानुवर्षे प्रयत्न केला, पण संख्येपुढे हरलो, असे तो कबूल करतो. आज ‘मॉब’ नको म्हटले तर वर्तमानपत्राचे पहिले पान भरायचे कशाने, असा प्रश्न पडेल.

दोन वर्षांनी, १७१२ मध्ये, स्विफ्टने राज्याचे कोषप्रमुख रॉबर्ट हार्ली यांना उद्देशून एक छोटे पुस्तक लिहिले. फ्रान्समध्ये १६३५ पासून भाषेसाठी अकादमी होती. तशीच इंग्लंडात स्थापावी, जाणत्या मंडळींनी बसून इंग्रजी दुरुस्त करावी आणि एकदा दुरुस्त झाली की ती कायमची पक्की करून टाकावी, अशी त्याची योजना. या पुस्तकात एक गमतीची तक्रार आहे. ‘डिस्टर्बेड’ असा शेवटच्या स्वरासकट उच्चार करायचा सोडून लोक ‘डिस्टर्ब्ड’ म्हणतात आणि व्यंजनांचा खडखडाट करतात, हे स्विफ्टला असह्य होई. आता आपल्या शाळा आठवा. खेड्यातून आलेला मुलगा ‘आस्केड’, ‘लाफेड’ वाचायला लागला की सगळा वर्ग हसतो आणि मास्तर छडी शोधतात. त्या मुलाला उराशी धरणारा मास्तर एकच होता, आणि तो १७४५ साली वारला.

१७१४ मध्ये ॲन राणी वारली, हार्लीचा पक्ष सत्तेवरून गेला आणि अकादमीची योजना बारगळली. इंग्लंडात तशी अकादमी पुढेही कधी झाली नाही. भाषेचा राजा नाही, दरबार नाही, मग निवाडा करायचा कोणी? ज्याच्या हातात लेखणी असेल त्याने. तेव्हापासूनचा इंग्रजी चिडीचा इतिहास हा असा स्वयंघोषित न्यायाधीशांचा इतिहास आहे.

त्यांतला सर्वांत थोर आणि सर्वांत प्रामाणिक म्हणजे डॉ. सॅम्युएल जॉन्सन. १७४७ मध्ये कोशाची योजना जाहीर केली तेव्हा भाषा स्थिर करण्याची भाषा त्यानेही केली होती. कोश प्रसिद्ध झाला १७५५ मध्ये, सुमारे बेचाळीस हजार शब्दांचा. त्यात जॉन्सनच्या आवडीनिवडी जागोजाग दिसतात. ‘फन’ हा त्याच्या लेखी हलक्या लोकांच्या बोलीतला शब्द. ‘बँटर’ रानटी. ‘बँबूझल’ शुद्ध आणि गंभीर लेखनात न येणारा. ‘क्लेव्हर’सुद्धा हलका, थट्टेत किंवा गप्पांत येणारा, ठाम अर्थ नसलेला. म्हणजे ज्या शब्दाने आपण आपल्या नातवंडांचे कौतुक करतो, तो जॉन्सनच्या दाराबाहेर उभा होता. पण याच कोशाच्या प्रस्तावनेत जॉन्सनने एक कबुली दिली आहे. भाषा गोठवून ठेवता येईल अशी आशा मीही काही काळ बाळगली, पण ती बुद्धीलाही धरून नाही आणि अनुभवालाही, असे त्याने लिहिले. शब्द मोजत कित्येक वर्षे काढलेल्या माणसाचे हे म्हणणे आहे. चिडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी इतके शब्द मोजले असतील.

जॉन्सन थांबला, पण शाळा थांबली नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास न्यूकॅसलच्या ॲन फिशर या शिक्षिकेने इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि त्यात मुद्दाम चुकीची वाक्ये देऊन ती मुलांकडून सुधारून घेण्याचा पाठ घातला. ‘पुढील वाक्ये शुद्ध करून लिहा’ हा प्रश्न तुम्ही-आम्ही सगळ्यांनी सोडवला आहे. इंग्रजी शाळेत त्याची चाल पाडणाऱ्यांत ही बाई आहे. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण आले. लाउथ धर्मगुरू, हिब्रू काव्याचे मोठे पंडित, पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांनी तळटीपांत चुकांचे नमुने दिले ते शेक्सपिअरचे, मिल्टनचे, पोपचे. स्वतः स्विफ्टही त्यातून सुटला नाही. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवू नये, या मताचा उगम मात्र लाउथच्याही मागे, कवी ड्रायडनपाशी सापडतो. १६७२ मध्ये त्याने बेन जॉन्सनवर हा आक्षेप घेतला होता. लाउथ यांनी हा प्रयोग गंभीर लेखनात शोभत नाही एवढेच म्हटले, आणि आपल्या भाषेची ओढ त्याच्याकडे फार आहे हे ज्या वाक्यात सांगितले, ते वाक्य शेवटी अव्यय ठेवूनच संपवले. बिशपमहाराजांनी थट्टा केली होती. शाळामास्तरांनी त्याचा कायदा केला.

तो कायदा घरोघर पोहोचवला लिंडले मरे यांनी. हे मूळचे अमेरिकेतले क्वेकर. इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिले आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ मध्ये व्याकरण लिहिले. त्याच्या लाखो प्रती खपल्या. एवढ्या का खपाव्यात? कारण इंग्लंडात तेव्हा व्यापारातून आणि कारखान्यांतून नवा पैसा वर येत होता. कालचा सूतव्यापारी आज बग्गीत बसत होता. कपडे शिंप्याकडून विकत घेता येतात, घर विकत घेता येते, पण बोलणे उघडे पाडते. ज्यांना उघडे पडायचे नव्हते त्यांना मरे यांचे पुस्तक हवे होते. शुद्ध इंग्रजी हा त्या काळी ज्ञानाइतकाच पतीचा प्रश्न होता.

मरे यांचे व्याकरण इंग्रजांबरोबर मुंबईलाही आले. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे मरे यांचा नमुना होता असे अभ्यासक सांगतात. दादोबांचे कार्य मोठे आहे आणि त्यांनी मराठीच्या स्वभावाचा विचार स्वतंत्रपणे केला, यात शंका नाही. मला एवढेच सुचवायचे आहे की, शाळेतले व्याकरण म्हणजे चुका काढण्याचे शास्त्र, ही समजूत आपल्याकडे आली तेव्हा तिच्या पायाला यॉर्कची धूळ लागलेली होती.

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ. १७८९ च्या डिसेंबरात, त्र्याऐंशी वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने तरुण कोशकार नोआ वेबस्टर यांना एक पत्र लिहिले. बरीच वर्षे फ्रान्समध्ये काढून फ्रँकलिन परतला, तर देशात नवी क्रियापदे रूढ झालेली. ‘नोटिस’ या नामाचे लोकांनी क्रियापद केले होते. तसेच ‘ॲडव्होकेट’चे, तसेच ‘प्रोग्रेस’चे. तुम्हालाही हे पटत नसेल तर तुमचे वजन खर्च करून यांना हाकला, अशी विनंती त्याने केली. पुढल्या एप्रिलात फ्रँकलिन वारला. विजेला बांधून घालणारा हा माणूस, पण ‘नोटिस’ला त्याला रोखता आले नाही. आज आपल्याला कुणी सांगितले की हे क्रियापद एकेकाळी गावंढळ समजत, तर विश्वास बसणार नाही.

अमेरिकेबद्दल इंग्रजांना आणखी एक चीड होती आणि आजही आहे. ‘गॉटन’ हे रूप कानावर आले की लंडनचा सुशिक्षित माणूस नाक मुरडतो. पण हे रूप अमेरिकनांनी काढलेले नाही. ते इंग्लंडचेच जुने रूप आहे. बोटीत बसून गेलेल्यांनी ते बरोबर नेले आणि जपले. मागे राहिलेल्यांनी सोडून दिले आणि मग जपणाऱ्यांना अडाणी ठरवले. हे उदाहरण मनात ठेवा. ते आपल्याला शेवटी लागणार आहे.

१८६४ मध्ये कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी ‘राणीचे इंग्रजी’ या विषयावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होते. डीनसाहेबांनी अमेरिकनांची बिघडलेली भाषा आणि त्यांची बिघडलेली नीती यांचा एका दमात उल्लेख केला. ‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवू नये, म्हणजे ‘टु क्लिअरली सी’ असे म्हणू नये, हा आक्षेप याच पुस्तकामुळे गाजला. ‘रिलायबल’ या शब्दाबद्दलही त्या शतकात मोठे वादंग झाले. ‘रिलाय’ला पुढे ‘ऑन’ लागते, मग ते ‘ऑन’ गेले कुठे, असा तर्क. पण त्याच न्यायाने ‘लाफेबल’ही जायला हवा होता, आणि तो सगळ्यांना चालत होता. त्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन मून नावाच्या टीकाकाराने ‘डीनचे इंग्रजी’ या नावाचे पुस्तक काढले आणि डीनसाहेबांच्या स्वतःच्या वाक्यांतल्या चुका एकामागून एक वेचून दाखवल्या. दुसऱ्याच्या चुकांवर पुस्तक लिहिले की त्या पुस्तकातल्या चुकांवर दुसरे पुस्तक निघते. हा धंदा कधीच मंदीत जात नाही.

आतापर्यंत इंग्रज इंग्रजांवर किंवा आपल्या जुन्या भाऊबंदांवर चिडत होते. आता पाळी आपली. १८३५ मध्ये मेकॉलेच्या टिपणानंतर सरकारी शिक्षणाचा पैसा इंग्रजीकडे वळला आणि सरकारी नोकरीचा रस्ताही हळूहळू तिकडूनच जाऊ लागला. मुले इंग्रजी शिकली ती मिल्टन, बायबल आणि सरकारी कागद यांतून. त्यामुळे त्यांच्या अर्जांत भारदस्त शब्द येत. आणि मग हसण्यासाठी एक नवा विषय मिळाला, बाबू इंग्रजी. अँस्टी या विनोदी लेखकाने ‘पंच’मधून बाबू जॅबर्जी, बी. ए. हे पात्र रंगवले. १८९७ मध्ये त्याचे पुस्तक झाले. लंडनला गेलेला बंगाली गृहस्थ जड इंग्रजीत बोलतो आणि वाचक पोट धरून हसतो. हसणाऱ्यांपैकी कितीजणांना बंगालीत साधा रजेचा अर्ज लिहिता आला असता, हा प्रश्न कुणी विचारला नाही. १९०७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सिव्हिल सर्व्हिसमधले जी. सी. व्हिटवर्थ यांनी हिंदी लोकांच्या इंग्रजीतल्या चुकांची पद्धतशीर चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. ते हसत नाहीत, शिकवतात. तरी एक गोष्ट लक्षात येते. इंग्रजांची चूक ही भाषेची बदलती चाल ठरे, आपली चूक ही चूकच राही.

आणि ती नेहमी चूक होती का? ‘डू द नीडफुल’ हा प्रयोग घ्या. आज विलायतेत तो हिंदुस्थानी कचेरीचा नमुना म्हणून दाखवतात. पण हा प्रयोग इंग्लंडातल्या जुन्या व्यवहारपत्रांत सर्रास होता. तिथून तो कंपनीच्या कागदांबरोबर इथे आला. ते विसरले, आपण विसरलो नाही. ‘प्रीपोन’ची गोष्ट वेगळी आहे. ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणे. मग अलीकडे ओढण्यासाठी एका शब्दात काय म्हणायचे? आपल्या लोकांनी ‘प्रीपोन’ वापरला. तो नेमका आहे, लॅटिनच्या नियमात बसतो आणि आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. मी मात्र कित्येक वर्षे त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढत होतो.

विसाव्या शतकात या न्यायालयाला एक शहाणा न्यायाधीश मिळाला. हेन्री फाउलर हे आधी शाळामास्तर. भाऊ फ्रँक यांच्यासह त्यांनी १९०६ मध्ये ‘द किंग्ज इंग्लिश’ लिहिले. मोठे पुस्तकही दोघांनी मिळून योजले होते, पण फ्रँक १९१८ मध्ये क्षयाने गेले आणि हेन्रींनी ते एकट्याने पूर्ण केले. १९२६ चे ‘मॉडर्न इंग्लिश युसेज’ ते हेच. त्यात ‘टु’च्या त्या प्रसिद्ध वादावर फाउलरनी इंग्रजी बोलणाऱ्यांचे पाच वर्ग पाडले : ज्यांना हा नियम माहीत नाही आणि पर्वाही नाही, ज्यांना माहीत नाही पण पर्वा फार आहे, जे जाणतात आणि निषेध करतात, जे जाणतात आणि मान्य करतात, आणि जे जाणून तारतम्य ठेवतात. पहिल्या वर्गाचा त्यांना हेवा वाटतो. पाचव्याला ते मान देतात. आपल्यापैकी बहुतेक शिक्षक दुसऱ्या वर्गात मोडतात, हे मी स्वतःला धरून सांगतो.

चिडीच्या पोटात काय आहे, हे उघडपणे बाहेर आले ते १९५४ मध्ये. बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी फिनलंडच्या एका विद्वत्पत्रिकेत निबंध लिहिला. इंग्लंडचा वरचा वर्ग आता पैशाने किंवा शिक्षणाने ओळखू येत नाही, तो ओळखू येतो भाषेने, असे त्यांचे म्हणणे. आरशाला ‘मिरर’ म्हणणारा खालचा, ‘लुकिंग-ग्लास’ म्हणणारा वरचा. हातरुमालासारखे जेवणाचे फडके, त्याला ‘सर्व्हिएट’ म्हणालात की संपले, ‘नॅपकिन’ म्हटले पाहिजे. लेखिका नॅन्सी मिटफर्ड यांनी पुढल्या वर्षी हा विषय मासिकात नेला, १९५६ मध्ये त्याचे पुस्तक झाले आणि मध्यमवर्गीय घरांत घबराट उडाली. ‘सर्व्हिएट’मध्ये व्याकरणाची चूक नाही, अर्थाची नाही, उच्चाराची नाही. तरी तो शब्द टोचतो. का टोचतो, तर बोलणारा आपल्यातला नाही हे त्यातून कळते म्हणून.

अमेरिकेतले वादळ १९६१ चे. वेबस्टरच्या मोठ्या कोशाची तिसरी आवृत्ती फिलिप गोव्ह यांच्या संपादनाखाली निघाली. लोक भाषा कशी वापरतात ते नोंदवावे, कशी वापरावी ते सांगत बसू नये, हे त्यांचे धोरण. ‘एंट’ या बदनाम शब्दाची नोंद त्यांनी फारशी शिवीगाळ न करता केली आणि वर्तमानपत्रे तुटून पडली. रेक्स स्टाउट यांच्या १९६२ च्या एका रहस्यकथेत नीरो वुल्फ हा गुप्तहेर त्या कोशाची पाने फाडून शेकोटीत टाकतो. त्याच दशकात ‘होपफुली’वर गदा आली. ‘आशेने’ एवढाच त्याचा अर्थ, ‘आशा आहे की’ असा नव्हे, असे शुद्धिवादी म्हणत. पन्नास वर्षे हा लढा चालला. २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या लेखनपुस्तिकेत नवा अर्थ मान्य करून टाकला. लोकांनी तो त्याआधीच केला होता.

एवढा हिशेब मांडल्यावर असे वाटेल की चिडणे म्हणजे सगळा मूर्खपणा. तसे मला म्हणायचे नाही. याच इतिहासात एक वेगळी चीडही आहे.

१९४६ मध्ये जॉर्ज ऑरवेल यांनी राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर निबंध लिहिला. ऑरवेलचा जन्म आपल्याकडचा, बिहारातल्या मोतिहारीचा. त्यांचाही राग शब्दांवरच होता. पण कोणत्या? विमानातून निःशस्त्र खेड्यांवर बॉम्ब टाकायचे, माणसांना रानोमाळ हाकलायचे आणि त्याला ‘पॅसिफिकेशन’, म्हणजे शांतता प्रस्थापना, म्हणायचे. त्या शब्दात कुठलीही अशुद्धता नाही. मरे, लाउथ, आल्फर्ड कुणीही त्याला पास केले असते. ऑरवेलनी केले नाही, कारण तो शब्द बोलणाऱ्याचे कूळ दाखवत नव्हता, कृत्य झाकत होता. दोन वर्षांनी सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून ‘प्लेन वर्ड्स’ लिहिले. सरकारी पत्र हाती पडलेल्या साध्या माणसाला त्याचा अर्थ कळला पाहिजे, ही त्यांची एकमेव कसोटी. पुढे १९६५ मध्ये फाउलरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती याच गॉवर्सनी सिद्ध केली.

म्हणून मला चिडीचे दोन प्रकार दिसतात. एक चीड विचारते, ‘तू कोणाचा, कुठला?’ दुसरी विचारते, ‘तुला म्हणायचे काय आहे?’ स्विफ्टपासून मिटफर्डपर्यंत पहिल्या चिडीने जे शब्द हाकलले, ते बहुतेक परत आले आणि माणसे मात्र दुखावली गेली. दुसरी चीड दुर्मीळ आहे आणि ती जपायला हवी.

या कसोटीवर मी माझी स्वतःची लाल शाई तपासली. ‘डिस्कस अबाउट’ खाली रेघ. ‘कझिन ब्रदर’ खाली रेघ. ‘प्रीपोन’भोवती वर्तुळ. पण बसस्टॉपवर पोरींच्या अंगचटीला जाणाऱ्या गुंडगिरीला आपल्या इंग्रजीत ‘इव्ह टीझिंग’ म्हणतात, जणू कुणी बहिणीची वेणी ओढली. मुलींच्या निबंधांत तो शब्द दर वर्षी येत असे. पोलिसांच्या गोळीने माणूस मरतो त्याला आपण ‘एन्काउंटर’ म्हणतो, म्हणजे नुसती गाठ पडली. या दोन शब्दांवर इतक्या वर्षांत मी एकदाही पेन टेकवले नाही. स्पेलिंग बरोबर होते ना! ज्या मुलींनी तो शब्द लिहिला त्यांपैकी काही त्याच बसने घरी जात असतील. त्यांना मी ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येत नाही हे शिकवून पाठवले.

आता आपल्या घरी येऊ. आपली घराणी होळकरांच्या काळापासून, काहींची थोडी नंतर, या माळव्यात आहेत. आमच्या घरी भाजी सुधारतात. पुण्याला ती चिरतात. माझी आई लग्नानिमित्त पुण्याला गेली असता म्हणाली, ‘आणा, मी भाजी सुधारते.’ कुणी तरी हसून विचारले, ‘का, बिघडली आहे की काय?’ विनोद चांगला होता, सगळे हसले, आईही हसली. पण पुढचे दोन दिवस ती फार कमी बोलली. घरी आल्यावर तिने मला विचारले, ‘आपलं मराठी चुकीचं आहे का रे?’ मी तेव्हा बी. ए.ला होतो. ‘हो, हिंदी मिसळली आहे,’ असे मी तिला शिकल्यासवरल्यासारखे सांगितले. ‘गॉटन’ची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. घरापासून लांब राहणारी माणसे काही जुने जपतात, काही शेजाऱ्याकडून घेतात. त्यात भाषेचे काही बिघडत नाही, हे मी तिला सांगू शकलो असतो. आता सांगायला ती नाही.

दुसऱ्याच्या तराजूत आपण हलके भरलो याचे दुःख बाळगणारे आपण, तोच तराजू घेऊन मोलकरणीच्या हिंदीवर, सुनेच्या मराठीवर आणि ड्रायव्हरच्या इंग्रजीवर बसतो. मी तर पगार घेऊन बसलो.

आता तो ‘एक्स्पायर्ड’. मी जॉन्सनचा कोश उघडला. तिथे ‘एक्स्पायर’चा मरणे, शेवटचा श्वास सोडणे हा अर्थ निमूट दिलेला आहे, कोणताही शेरा नाही. मूळ लॅटिन धातूचा अर्थच श्वास बाहेर टाकणे. आपण प्राण सोडला म्हणतो, तसाच. औषधाच्या बाटलीवर हा शब्द त्यानंतर कितीतरी काळाने आला. म्हणजे माझी विद्यार्थिनी चुकलेली नव्हती. तिने जुना, आदराचा शब्द वापरला होता. आणि समजा ती चुकलेली असती, तरी त्या दिवशी ते पाहणे हे माझे काम नव्हते.

मी तिला उत्तर लिहिले ते मराठीत. तुझे वडील जिन्याखाली सायकल लावून दारात उभे राहायचे, आत या म्हटले तरी फीची पावती हातात पडल्याशिवाय आत यायचे नाहीत, एवढेच लिहिले. तिचे उत्तर आले, तेही मराठीत. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या काही चुका असतील. मी मोजल्या नाहीत.